लटारूभाऊचा पुडा

ढिवरांच्या घरी चणे भाजणं काही नवलाचं नव्हतं. बाप्ये तळ्यात जाळं टाकत, बाया भट्टीवर चणे फोडत, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. पण गोकुळाच्या फुटाण्यांची गोष्ट निराळी होती. आलापल्लीच्या रस्त्यानं सागाच्या गाड्या हाकणारे गाडीवान तिच्या दारात बैल थांबवून पुडा बांधून घेत, आणि पुढच्या मुक्कामापर्यंत नाक ओढत, डोळ्यांतून पाणी गाळत, एकेक दाणा चघळत जात.

आदल्या सांजेला ती चण्यांना हळद-मिठाच्या पाण्याचा हात लावून फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी नाल्याची बारीक वाळू कढईत चांगली धगधगली की चणे मूठमूठ टाकायचे. तडतड सुरू झाली की हात थांबवायचा नाही. चाळणीनं वाळू झाडायची आणि चणे गरम आहेत तोवरच जवसाच्या तेलाचा पुसट हात फिरवून वर लसूण, ओवा, मीठ आणि लाल मिरचीचा कूट. गार चण्याला तिखट धरत नाही, असं ती म्हणायची.

नवरा इस्तारी अबोल माणूस. मालगुजारी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, तळं सरकारचं झालं होतं, पण इस्तारीच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. पहाटे जाळं खांद्यावर टाकून जायचा, दिवस डोक्यावर आला की मासोळ्या घेऊन यायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात जे काही लहानाचं मोठं झालं, तो एक दीर, मनसाराम. गोकुळा लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या कंबरेएवढा होता. सासू गेली ती त्याचा हात इस्तारीच्या हातात देऊन. त्याला न्हाऊमाखू घालणं, रुसला की पदराच्या ओट्यातून गरम फुटाणे काढून देणं, सगळं गोकुळानंच केलं. मिसरूड फुटली आणि एके दिवशी तो बल्लारशाकडं कामाला म्हणून निघून गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

त्या साली दिवाळीच्या तोंडावर तो परत आला. अंगात पांढरा सदरा, केसांना तेल, तोंडात गोड बोली. "वयनी, तू तं तशीच हायस," म्हणत पाया पडला. गोकुळाचं काळीज भरून आलं. तिनं त्या दिवशी शिंगाड्याची भाजी केली, झिंगे केले, आणि तो जेवत असताना नुसती पाहत बसली.

पण त्याच्यासोबत एक माणूस होता, बिरजू नावाचा. तो घरात येत नसे. रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली दोन बैलगाड्या सोडून बसलेला असे. गाड्या रिकाम्या होत्या. गावात कुणी विचारलं तर म्हणे, "माल येनार हाय." कसला माल, कुठून, ते सांगत नसे. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, तरी गाड्या रिकाम्याच होत्या, आणि बिरजू चिंचेखाली बसून गावाची ये-जा पाहत होता. गोकुळा पाण्याला निघाली की त्याची नजर तिच्या पाठीवर विहिरीपर्यंत चालत यायची.

मनसारामचंही एक तिला खटकायचं. तो लटारूभाऊबद्दल फार विचारायचा.

लटारूभाऊ म्हणजे गावाबाहेर नाल्याच्या काठी ठेकेदाराची सागाची टाल होती, तिथला चौकीदार. बायको गेलेली, लेकी सासरी. म्हातारा टालीवरच खोपी करून राही. जंगलातून तोडून आणलेले लठ्ठे तिथं रचलेले असत आणि उन्हाळ्यापर्यंत गाड्यांनी पुढं जात. म्हातारा राखणीला पक्का होता. त्याचे दात पडले होते, पण गोकुळाच्या फुटाण्यांचा सोस काही गेला नव्हता. म्हणून ती त्याच्यासाठी फुटाणे वेगळे कुटून द्यायची, रव्यासारखे जाडसर. मिरचीचं बी त्याच्या हिरड्यांत जाऊन बसायचं, म्हणून त्याच्या पुड्याची मिरची ती आधी चिरून, झटकून, बी काढून घ्यायची.

"म्हातारा दुपारी झोपते का वं?" मनसाराम विचारायचा. "त्याच्या सोबतीले कोणी नाई? जेवन कोण नेऊन देते?"

"तुले काय करायचं हाय रे त्याच्या झोपेचं?" ती हसून म्हणायची. तोही हसायचा. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारायचा.

मंडईचा दिवस उजाडला. भाऊबीजेनंतर त्या मुलखात गावोगाव मंडईची जत्रा भरते. त्या दिवशी पलीकडच्या गावची होती. दुपारून दंडारीचा खेळ होणार होता, पाळणे आले होते, आणि पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सारं गाव गाड्या जुंपून निघणार होतं. गोकुळाची विक्रीही त्याच दिवशी सगळ्यात जास्त. पहाटेपासून तिची भट्टी पेटलेली होती. परसात तडतड चालली होती, आणि मिरचीच्या खकाण्यानं शेजारची शकुबाई कुडापलीकडून शिंकत होती.

मनसाराम येऊन भट्टीपाशी उकिडवा बसला.

"वयनी, आज लटारूभाऊचा पुडा मी नेऊन देतो. बिचारा मंडईले जाऊ नाई शकत. जरा तिखट कर. असं तिखट, का बाकी कायचीच चव नाई लागली पायजे."

"म्हातारपणी आग होईल त्याले पोटात."

"होऊ दे वं. सणाचा दिवस हाय." मग खलबत्त्याकडं हात करून तो म्हणाला, "आण, मी कुटतो. तू दमली असशील. पाणी नाई घरात, तू एक गुंडी भरून आण."

गोकुळाला गंमत वाटली. बाप्या माणूस बत्ता घेऊन बसला, हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं. लहानपणी याला साधी लसणाची पाकळी सोलायची जिवावर येई. तिनं गुंडी उचलली आणि गेली. विहिरीवरून परत आली तेव्हा पुडा तयार होता. पळसाची दोन पानं काडीनं टोचून नीट बांधलेली, आणि देवळीत ठेवलेली.

"मी मंडईत एक चक्कर मारून येतो," तो म्हणाला. "दिवस कलला का येऊन नेतो पुडा. तू निघून जाजो शकुबाईसंग. घराले मी कडी लावीन."

तो गेला. गोकुळानं खल पुसायला घेतला. कूट झाल्यावर बोटानं खल निपटून ते बोट चाटायचं, मीठ कमी-जास्त कळतं, ही तिची जन्माची सवय. तिनं चाटलं. तिखट जिभेला झोंबलं, आणि त्या तिखटाच्या खालून एक कडवटपणा वर आला. तिला वाटलं, ओवा जळला असेल. पुन्हा एक बोट चाटलं. ओव्याचं कडू ती ओळखत होती. हे ते नव्हतं.

खलाच्या कडेला दोन-चार बिया चिकटून राहिल्या होत्या. मिरचीच्या वाटाव्यात अशाच. पण लटारूभाऊच्या पुड्याची मिरची तर तिनं स्वतः बी झटकून दिली होती. तिनं एक बी नखावर घेतली आणि उजेडात धरली. मिरचीची बी पिवळी असते, पातळ, गोल टिकलीसारखी. ही मातकट होती, जाड, आणि एका बाजूनं आत दबलेली, लहान लेकराच्या कानासारखी.

तिनं बी खाली टाकली नाही. पदराच्या टोकात बांधून ठेवली आणि खल बाजूला सारून पुढच्या घाण्याला लागली. मन मात्र तिथं नव्हतं.

थोड्या वेळानं तिचा घसा सुकला. ती पाणी प्याली, तरी सुकलेलाच. जीभ टाळूला चिकटू लागली. परसातलं ऊन एकाएकी डोळ्यांत घुसायला लागलं, आणि चाळणी हातात घेतली तर तिची भोकं एकमेकांत मिसळून गेलेली. गोकुळानं चाळणी खाली ठेवली. तिच्या माहेरी, ती लहान असताना, एका वाटसरू व्यापाऱ्याला त्याच्याच सोबत्यांनी काहीतरी खाऊ घालून लुटलं होतं. तो माणूस देवळाच्या पायरीवर बसून हवेतून काहीतरी वेचत होता, नसलेले धागे बोटांनी ओढत होता, आणि त्याचे डोळे सगळे काळे झाले होते. दुसऱ्या दिवशी तो विहिरीत सापडला. तेव्हा बाया कुजबुजत होत्या ते एकच नाव: धोतरा.

गावाच्या उकिरड्यापाशी, गोठाणामागं, धोत्र्याची काटेरी बोंडं या दिवसांत तडकलेली असत. ती कुणी तोडायला जात नसे.

"गोकुळा, येतेस ना वं? गाडी जुंपली!" शकुबाईनं कुडावरून हाक मारली.

"तू हो पुढं," गोकुळा म्हणाली. "माहे डोळे दुखून राह्यले. टोपली तेवढी ने माही."

शकुबाईनं टोपली नेली. गाड्यांचा खडखडाट दूर गेला. गाव इतकं ओस पडलं की तळ्यावरच्या बदकांचा आवाज घरात यायला लागला. चिंचेखाली बिरजू नव्हता. गाड्याही नव्हत्या.

ती तळ्यावर गेली. इस्तारी पाळीवर, तळ्याच्या बांधावर, जाळं वाळत घालत होता. तिनं पदराची गाठ सोडून बी त्याच्यापुढं धरली. "हे काय हाय जी?"

त्यानं बीकडं पाहिलं आणि मान फिरवली. तेवढ्यानंच तिला कळलं.

"तुमाले ठावं होतं."

"मरत नाई तेनं मानूस," इस्तारी हळू आवाजात म्हणाला. "गुंगी येते. सकाळी उठते. बिरजूनं सांगितलं."

"बिरजू कोण लागते तुमचा?"

"लाकडं ठेकेदाराची हायत, लटारूभाऊची नाईत. मनसाराम म्हणाला, भाऊ, तू फक्त नाल्याचा उतार दाखव, गाड्या कुठून निघतात ते तुलेच ठावं. मी दुसरं काई नाई करून राह्यलो."

"म्हाताऱ्याले गुंगी आली आन् तो उठून रानात गेला तं? परवाच नाल्यात वाघानं कालवड ओढली. आन् सकाळी नाईच उठला तं?"

इस्तारी जाळ्याची गाठ सोडवत राहिला. गाठ सुटत नव्हती. "मायनं हात देल्ला होता त्याचा माह्या हातात," एवढंच तो म्हणाला.

गोकुळा घरी परतली. रागापेक्षा तिला भीतीच जास्त वाटत होती, आणि ती भीती बिरजूची नव्हती. जो पोर आपल्या ओट्यात हात घालून फुटाणे खायचा, त्यानं आपल्याच खलात हे कुटलं, आपल्याला पाण्याला पाठवून. ज्या सहजपणे त्यानं गुंडी भरून आणायला सांगितलं होतं, तो सहजपणा तिला आठवत राहिला.

भट्टीत निखारे होते. मूठभर चणे उरले होते. तिनं पुन्हा कढई चढवली. डोळ्यांना दाणे नीट दिसत नव्हते. तडतडीच्या आवाजावर आणि वासावर तिनं भाजणी साधली. उचलताना दोन बोटं भाजली. खल तिनं राखेनं घासला, तीनदा धुतला, आणि कुटायला घेतलं. तिखट भरपूर घातलं, पहिल्यासारखंच लालभडक दिसेल इतकं. तशीच दोन पानं, तशीच काडी. पहिला पुडा तिनं परसाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा करून पुरला आणि वर दगड ठेवला, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून. हात धुऊन ती उंबऱ्यात येऊन बसली तोच मनसाराम आला.

"काऊन वयनी, तू गेली नाईस?"

"डोळे आले माहे."

त्यानं देवळीतून पुडा काढला. जरा वेळ हातात तोलला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, काडी काढून पुडा उघडला आणि तिच्यापुढं धरला. "चाखून पाय. तिखट बरोबर हाय का?"

तो हसत होता, पण त्याची नजर तिच्या हातावर होती. गोकुळानं मनाशी विचार केला: ज्या बाईला काही माहीत नाही ती काय करील? ती खाईल. तिनं चिमूट भरून तोंडात टाकली, चावली. दुसरी भरली. तिसऱ्या चिमटीला मनसारामनं तिचं मनगट धरलं.

"पुरे," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "पुरे वयनी. तू नको खाऊ जास्त. म्हाताऱ्याले राहू दे."

त्यानं तिचं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की नंतर तिथं बोटांचे वळ उठले. पुडा बांधून तो निघाला. तळ्याकडून इस्तारीही येऊन त्याला मिळाला. दोघं भाऊ एकामागं एक टालीच्या वाटेला लागलेले ती पाहत राहिली.

आता सगळं निभावलं, असं तिला क्षणभर वाटलं. म्हातारा पुडा खाईल, त्याला काही होणार नाही, हे दोघं वाट पाहून परत येतील. पण मग गाड्या आणि बिरजू तिच्या डोळ्यांपुढं आले. ते झोपलेल्या माणसाच्या हिशोबानं निघाले होते. माणूस जागा सापडला, तर परत जातील का ते? आपण म्हाताऱ्याला धोत्र्यातून काढून कशाच्या तोंडी दिलं?

ती उठली आणि तळ्याच्या पाळीवरून टालीकडं धावत निघाली. उन्हं तिरपी झाली होती. धानाची शेतं पिवळी पडून वाकली होती, कापायला एक माणूस नाही. डोळे मिचकावत, ठेचा खात ती टालीवर पोचली.

लटारूभाऊ खोपीपुढं बसून पळसाच्या पानातून चिमटी-चिमटीनं कूट तोंडात टाकत होता. समोर मनसाराम बसला होता, हात गुडघ्यांभोवती. इस्तारी जरा दूर, लठ्ठ्याला टेकून.

"ये बाई, ये!" म्हातारा खूष झाला. "तूही आलीस? आज तं माह्या घरीच मंडई भरली. बाप रे, काय तिखट केलंस पोरी! कानातून धूर निघून राह्यला."

"पाणी प्या, भाऊ," गोकुळा म्हणाली आणि त्याच्याजवळ बसली. दुसरं काय करावं हे तिला सुचेना. इस्तारीनं तिच्याकडं पाहून मान खाली घातली.

मग ते चौघं तसेच बसून राहिले. म्हातारा बोलत होता: वाघाचं, कालवडीचं, थोरल्या लेकीच्या बाळंतपणाचं. मनसाराम 'हो भाऊ', 'हो ना' म्हणत होता आणि म्हाताऱ्याच्या पापण्यांकडं पाहत होता. पाण्यावर तरंगणाऱ्या गळाच्या बोंडाकडं पाहावं तसा. म्हाताऱ्याची बोली जड होत नव्हती. तो पाणी मागत नव्हता. उलट तिखटानं त्याला तरतरी आली होती.

"भाऊ, झोप नाई येत तुमाले दुपारची?" मनसारामनं विचारलं.

"म्हातारपणी कायची झोप, बापा? झोप तरन्या मानसाची."

मनसारामनं गुडघ्यांभोवतीचे हात सोडले. मग त्यानं गोकुळाकडं तोंड वळवलं, पहिल्यांदाच नीट. ऊन तिच्या तोंडावर येत होतं. तो पुढं झुकला.

"वयनी," तो अगदी हळू म्हणाला, "तुहे डोळे केवढे काळे झाले."

त्याला कळलं होतं. सकाळी तिनं खल चाटला, आणि मघाशी बेधडक खाल्ला तो पुडा बदललेला होता, दोन्ही त्याला कळलं. पण गोकुळाच्या अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीनं. असे डोळे त्यानं नुसते पाहताच ओळखले होते. म्हणजे हे त्यानं पूर्वी पाहिलेलं होतं. लटारूभाऊ पहिला नव्हता.

नाल्याच्या बाजूनं पाचोळा वाजला. बिरजू वर आला, हातात गाडीवानाची कुऱ्हाड. खोपीपुढं चार माणसं पाहून तो थबकला.

"काऊन रे, बसलाच हाय का अजून म्हातारा?"

लटारूभाऊच्या हातातली चिमूट तशीच राहिली. "कोण हाय हा?" त्यानं मनसारामला विचारलं.

मनसारामनं खाली पाहिलं. मग बोलला तो इस्तारी, ज्याचा आवाज गावानं वर्षातून चारदा ऐकला असेल तो.

"लटारूभाऊ, आमी लाकडं चोरायले आलो. हे दोघं आन् मी. तुमाले धोतरा चारणार होतो. हिनं चारू नाई देल्ला."

बोलता बोलता तो उठून म्हाताऱ्याच्या पुढं येऊन उभा राहिला. बिरजूनं शिवी हासडली आणि कुऱ्हाडीच्या पात्यामागचा बोथट तुंबा फिरवला. तो म्हाताऱ्याच्या डोक्यावर यायचा, पण मध्ये इस्तारीचा उजवा हात आला. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. इस्तारी ओरडलाही नाही. नुसता गुडघ्यांवर बसला.

खोपीच्या मेढीला जनावरं हुसकायला रॉकेलचा रिकामा डबा टांगलेला होता. गोकुळानं लाकडाचं ढलपं उचललं आणि तो डबा बडवायला सुरुवात केली. दिसत काही नव्हतं, नुसता उन्हाचा पिवळा गोळा डोळ्यांपुढं. ती बडवत राहिली. म्हाताऱ्यानं काठी उचलून पाठ लठ्ठ्याला लावली. बिरजूनं कुऱ्हाड पुन्हा उचलली, तेव्हा लांबवर, मंडईच्या रस्त्यावर, कुणीतरी हाळी दिली. परतणाऱ्या पहिल्या गाड्या होत्या. मग दुसरी हाळी आली, मग तिसरी.

मनसारामनं बिरजूचा सदरा मागून ओढला. "चल. लोक येऊन राह्यले."

बिरजू नाल्यात उतरला. मनसाराम काठावर जरा थांबला. भावाच्या लोंबणाऱ्या हाताकडं त्यानं पाहिलं, आणि तोही खाली उतरला. थोड्या वेळानं रिकाम्या गाड्या दगडांवरून धावल्याचा आवाज आला आणि रानात विरून गेला.

पुढं जे व्हायचं ते झालं. पोलिसपाटील आला, शिपाई आले, रान धुंडाळलं. गाड्या तीन कोसांवर सापडल्या, बैल सोडून दिलेले. माणसं सापडली नाहीत. इस्तारीनं काही लपवलं नाही. त्याला ठाण्यावर नेलं, पण लटारूभाऊ मागोमाग चालत गेला आणि म्हणाला, "हा माह्यापुढं उभा राह्यला नसता तं मी तुमच्यापुढं उभा नसतो." त्याला सोडलं. वैदूनं हात बांबूच्या कामट्यांत बांधला. हाड जुळलं, पण वाकडं. जाळं फेकायला लागतो तो हिसका त्या हातात पुन्हा आला नाही. तो घरी बसून लोकांची जाळी विणू लागला, डाव्या हातानं, पायाच्या अंगठ्यात दोरी धरून.

घर आता गोकुळाच्या भट्टीवर होतं, आणि भट्टीला गिऱ्हाईक नव्हतं. तिनं नवा खल आणला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी माणसं पुडा हातात घेत, उघडून पाहत, बोटानं चिवडत, आणि 'मंग घेतो' म्हणून खाली ठेवत. गाडीवान बैल थांबवीनासे झाले. शकुबाई तोंडावर काही बोलली नाही, पण तिची नातवंडं परसात यायची बंद झाली. बाजाराच्या दिवशी एकटा लटारूभाऊ काठी टेकत यायचा, तिच्या टोपलीशेजारी बसायचा आणि सगळ्यांदेखत बोकणा भरायचा. कुणाशी काही बोलायचा नाही. त्यानं हळूहळू एक-दोन गिऱ्हाइकं पुन्हा येऊ लागली.

माघ सरता सरता सिरोंच्याकडची एक सुकट विकणारी बाई बाजारात आली. तेलुगू वळणाची तिची मराठी. फुटाणे घेताना ती गोकुळाच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"इस्तारी तुमचा आदमी ना? नदीच्या पल्याड एक पोरगा भेटला होता. म्हणला, तिकडं जाशील तं इचार, भाऊचा हात कसा हाय. आन् म्हणला, शिमग्याले येतो सांग."

"एकटाच होता?"

"एकटाच. चांगला होता. मले बोचकं उचलू लागला."

गोकुळा घरी आली आणि इस्तारीला जसंच्या तसं सांगितलं. तो जाळ्याची वीण घालत होता. बोटं थांबली, पुन्हा सुरू झाली.

"येऊ दे," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांत काय होतं, तिला उमगलं नाही. माया होती की दुसरं काही, तिनं विचारलंही नाही. त्या दिवसापासून मात्र ती पाण्याच्या गुंडीवर झाकण ठेवू लागली, झाकणावर वरवंटा. पीठ, मीठ, तेल, सगळं आतल्या खोलीत नेलं. विहिरीवर जाताना त्या खोलीला कुलूप. रात्री पाचोळा वाजला की दोघंही जागे असत, आणि दोघंही झोपल्याचं सोंग घेत.

शिमगा आला. पळस पेटले होते, पोरं बोंबा मारत लाकडं गोळा करत हिंडत होती. इस्तारी सकाळीच तळ्याच्या पाळीवर जाऊन बसला, जिथून रानातली वाट दिसते. जाताना घरातली कुऱ्हाड घेऊन गेला. लाकडं फोडायला घेतो म्हणावं तर डाव्या हातानं त्याला फोडता येत नव्हती. गोकुळा दुपारी जेवण घेऊन गेली. कुऱ्हाड त्याच्या मांडीवर होती आणि डोळे वाटेवर. तो जेवला नाही. ती शेजारी बसली. वाटेनं एक गुराखी आला, दोन लाकूडतोडे गेले, एक कोल्हा आडवा झाला. ऊन उतरलं. गावात होळी पेटली, ढोल वाजले, आणि वाट दिसेनाशी झाली.

मनसाराम आला नाही.

इस्तारी घरी आला, कुऱ्हाड कोपऱ्यात उभी केली, पाय धुतले. चुलीवरच्या भाताच्या गंजाकडं पाहून म्हणाला, "भात कितीकांचा रांधला?"

"तिघांचा," गोकुळा म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग उठून दार लावून घेतलं आणि आतून अडसर सरकवला.